चोरी कशी करतात ते दाखवू द्या

केंद्र सरकारने १९९१ साली चित्रपटांच्या प्रमाणपत्रासाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत एक सूचना अशी आहे की गुन्हेगारांची कार्यपद्धती पडद्यावर दाखवली जाऊ नये. चोर दाखवा, चोरी झाली हे दाखवा, चोर पकडला गेला हे तर जरूर दाखवा. पण कुलूप कसं उघडलं, भिंत कुठून फोडली, अलार्म कसा गप्प केला, ते नको. वाचायला हे शहाणपणाचं वाटतं. सोसायटीच्या सभेत ठराव म्हणून मांडलं तर एकमताने मंजूर होईल. माझं म्हणणं मात्र असं आहे की या सूचनेत सगळं उलटं धरलं आहे. पडद्यावरची चोरी एखाद्याचं डोकं फिरवत असेल, तर ती कशी केली हे दाखवल्यामुळे नाही फिरवत. ते दाखवायचं टाळल्यामुळे फिरवते.

ही भीती काही आपल्याकडे उगवलेली नाही. हॉलिवूडच्या निर्मात्यांनी १९३० साली स्वतःसाठी जी आचारसंहिता लिहून घेतली आणि १९३४ पासून जी काटेकोरपणे राबवली गेली, तिच्यात चोरी, दरोडा, तिजोरीफोड, सुरुंग लावून गाड्या आणि इमारती उडवणं यांच्या पद्धतीचे तपशील देऊ नयेत, असं स्पष्ट लिहिलेलं होतं. पळवाटा काढणारे दिग्दर्शक होतेच. पण एकंदर रिवाज असा की दरोड्याआधीची मसलत दिसायची, दरोड्यानंतरची पळापळ दिसायची, आणि मधलं प्रत्यक्ष काम दाराआड उरकायचं. युरोपात ही संहिता चालत नव्हती. पन्नाशीच्या दशकात पॅरिस आणि रोममधल्या काही दिग्दर्शकांनी ते दार उघडलं. आत जे दिसलं ते पाहून चोर व्हावंसं वाटणं अवघड आहे.

गंमत म्हणजे हे दार सताड उघडणारा माणूस मूळचा हॉलिवूडचाच. ज्यूल्स डॅसिनने चाळीसच्या दशकात अमेरिकेत तुरुंग, पोलीस, ट्रकचालक यांच्यावरचे कणखर चित्रपट केले होते. १९५१ साली अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष देताना दुसऱ्या एका दिग्दर्शकाने त्याचं नाव कम्युनिस्ट म्हणून घेतलं आणि त्याला काम मिळणं बंद झालं. फ्रान्सला आला, तर तिथेही हाती आलेला एक चित्रपट अमेरिकेतून आलेल्या दबावाने गेला. अशी काही वर्षं ओढगस्तीत गेल्यावर ऑग्युस्त ल ब्रतोंच्या एका गुन्हेगारी कादंबरीवर चित्रपट करशील का, अशी विचारणा झाली. कादंबरी त्याला मुळीच आवडली नव्हती. पैशाची नड होती म्हणून हो म्हणाला. पुस्तकातली खलनायकांची टोळी उत्तर आफ्रिकी होती, ते त्याला रुचेना, तेव्हा त्याने ती युरोपीय करून टाकली. पुस्तकात दरोडा थोडक्यात आटपलेला. डॅसिनने तो वाढवून वाढवून चित्रपटाचा कणा केला. १९५५ साली आलेल्या या 'रिफिफी'ने त्याला कान महोत्सवात दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळवून दिलं. फ्रान्स्वा त्रुफो तेव्हा समीक्षक होता. आपण वाचलेल्या सर्वांत टुकार गुन्हेगारी कादंबरीतून आपण पाहिलेला सर्वांत चांगला गुन्हेगारी चित्रपट निघाला, असं त्याने लिहिलं.

दरोडा असा आहे. पॅरिसमधल्या एका बड्या जवाहिऱ्याचं दुकान. अलार्म इतका हळवा की जमिनीला जरा हादरा बसला तरी केकाटणार. म्हणून चौघे चोर वरच्या मजल्यावरच्या घरात शिरतात, तिथल्या माणसांना बांधून ठेवतात आणि जमीन फोडायला घेतात. इथून पुढे जवळजवळ अर्धा तास चित्रपटात कोणी एक शब्द बोलत नाही, आणि पार्श्वसंगीताचा एक सूरही वाजत नाही. संगीतकार जॉर्ज ओरिकने या प्रसंगासाठी संगीत रचलं होतं. डॅसिनने त्याला प्रसंग दोन्ही प्रकारे दाखवला, संगीतासह आणि संगीताशिवाय, आणि ओरिकच्याही लक्षात आलं की आपल्या संगीताची इथे गरज नाही.

मग उरतात ते हातोडीवर कापड गुंडाळून केलेले दबके ठोके. आधी मिटलेली छत्री जाईल एवढंच भोक पाडायचं. छत्री त्यातून खाली सोडायची आणि खाली गेल्यावर उघडायची, म्हणजे पुढचा सगळा चुरा दुकानाच्या फरशीवर न पडता छत्रीत झेलला जाईल. मग ते भोक माणूस उतरेल एवढं मोठं करत न्यायचं. दोरीने खाली जाऊन अलार्मच्या तोंडात आग विझवायच्या नळकांड्यातला फेस भरायचा. ही युक्तीसुद्धा त्यांना आयती सुचलेली नाही. त्याच बनावटीचा अलार्म आणून, नाना प्रयोग फसल्यावर सापडलेली आहे. मग तिजोरी अलगद कलती करून मागच्या बाजूने कापत राहायचं. कपाळावरून घाम ओघळतो तो पुसायलाही हात मोकळा नाही. घड्याळ पहाटेकडे सरकत असतं. कोणी कोणाकडे पाहून हसत नाही, कोणी मर्दुमकीचं वाक्य टाकत नाही. ढिगारा उपसणाऱ्या मजुरांच्या पाळीत आणि यात फरक काढायचा तर एवढाच, की यांना पगार सकाळी एकदम मिळणार आहे.

हे पाहून कोणी चोरी शिकतो का? मेक्सिकोच्या सरकारला वाटलं, शिकतो. त्या धर्तीवर घरफोड्या झाल्याचं सांगून तिथल्या गृहखात्याने चित्रपटावर बंदी घातली. फिनलंडने १९५५ साली बंदी घातली आणि १९५९ साली भरपूर कापाकापी करून, वर जादा कर लावून तो सोडला. (पाप अर्धं कापायचं आणि उरलेल्या अर्ध्यावर महसूल गोळा करायचा, ही सरकारी अक्कल जगभर सारखीच.) अमेरिकेत कॅथलिकांच्या नीतिरक्षक संघटनेने आक्षेप घेतल्यावर काही काटछाट झाली आणि सुरुवातीला बायबलमधलं एक वचन चिकटवण्यात आलं. डॅसिनचं उत्तर साधं होतं: गुन्हा करणं किती अवघड असतं, ते माझा चित्रपट दाखवतो.

हे उत्तर आजवर पुरेसं गंभीरपणे कोणी घेतलेलं नाही, असं मला वाटतं. ते वकिली पद्धतीचं वाटतं, अंगाशी आलेलं झटकल्यासारखं. पण चित्रपट त्याला पूर्ण जागतो. तो अर्धा तास संपतो तेव्हा प्रेक्षकाच्या मनात चोरीची हाव नसते, असतो तो थकवा. आणि मग पुढचा तास. एवढी शिस्त, एवढं डोकं, एवढा संयम पणाला लावून आणलेला माल कशामुळे बुडतो? चौघांतल्या एकाने एक अंगठी खिशात टाकून क्लबमधल्या गाणारणीला दिली म्हणून. त्या अंगठीवरून दुसऱ्या टोळीला वास लागतो, एकाच्या लहान मुलाला पळवून नेलं जातं, आणि एकेक करून सगळे मरतात. हे 'वाईटाचा शेवट वाईट' या थाटात येत नाही. वर कोणी न्यायाधीश बसलेला नाही. कामात चुकत नाहीत ती माणसं कामाबाहेर चुकतात, एवढंच. अंगठी देणारा तो चोर खुद्द डॅसिनने साकारला आहे, दुसऱ्या नावाने. जिवाच्या भीतीने तो साथीदारांची नावं सांगतो आणि त्यापायी मित्राच्या हातून गोळी खातो. ज्याचं आयुष्य दुसऱ्याने नाव घेतल्यामुळे उद्ध्वस्त झालं, त्याने पडद्यावर फितुराची भूमिका स्वतःकडे घ्यावी, यावर वेगळा लेख होईल.

त्या चित्रपटात खरोखर अंगावर येणारी गोष्ट दुसरीच आहे. तुरुंगातून सुटून आलेला नायक आपल्या जुन्या मैत्रिणीला अंगावरचे दागिने आणि कपडे उतरवायला लावतो आणि पट्ट्याने मारतो. कॅमेरा तिथून बाजूला होतो. आपल्याला फटके ऐकू येतात, दिसतं काहीच नाही. घरफोडीचा प्रत्येक ठोका दाखवणारा दिग्दर्शक इथे नजर वळवतो, आणि त्याचा परिणाम असा की पुढच्या तासाभरात प्रेक्षक हा प्रसंग विसरून त्याच नायकासाठी श्वास रोखून बसतो. जे तपशिलात दाखवलं ते भारी झालं. जे नजरेआड केलं ते सहज माफ झालं. 'रिफिफी'वर आक्षेप घ्यायचा असेल तर मी या जागेवर घेईन. बंदी घालणाऱ्यांनी घेतला तो छत्रीवर.

याच कसोटीवर जाक बेकेरचा १९६० चा 'ल त्रू' लावून पाहावा. पॅरिसच्या ला सांते तुरुंगातून पळायचा प्रयत्न करणारे पाच कैदी, एक कोठडी. १९४७ साली तिथे घडलेल्या खऱ्या प्रयत्नावर बेतलेला. त्या प्रयत्नातला एक जण चित्रपटात स्वतःचीच भूमिका करतो, बाकीचेही धंदेवाईक नट नव्हेत. पळण्याची सगळी सामग्री कोठडीतलीच: लोखंडी खाटेचा तुकडा म्हणजे पहार, दात घासायच्या ब्रशला बांधलेला आरशाचा तुकडा म्हणजे दारातल्या भोकातून बाहेर डोकावायची दुर्बीण, दवाखान्यातून लांबवलेल्या दोन बाटल्या आणि वाळू म्हणजे घड्याळ. आणि मग तो प्रसिद्ध प्रसंग: कोठडीची जमीन फोडणं. कॅमेरा हलत नाही, कट होत नाही. एक जण ठोकतो, दमतो, दुसरा पहार घेतो. ठोके कानठळ्या बसवणारे आहेत आणि काँक्रीट जाग्यावर आहे. मग एक कपचा निघतो. मग चिमूटभर पूड. मिनिटांमागून मिनिटं जातात. मी हा चित्रपट ज्यांना ज्यांना दाखवला, त्यांच्यातल्या प्रत्येकाने या प्रसंगात कधी ना कधी स्वतःचे तळहात चोळले आहेत.

आता याची दुसरी बाजू. मूळ कादंबरी लिहिणारा जोसे जोव्हानीही त्या प्रयत्नात होता. खुनांच्या प्रकरणात त्याला १९४८ साली मृत्युदंड झाला होता, पुढे तो कमी झाला आणि १९५६ साली तो सुटला. जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये तो नाझींशी हातमिळवणी करणाऱ्यांच्या गोटात होता, हे १९९३ साली स्विस वृत्तपत्रांनी बाहेर काढलं. 'ल त्रू' पाहताना यातलं काहीच कळत नाही. हे पाच जण तुरुंगात का आहेत, याबद्दल चित्रपट जवळजवळ मूग गिळून बसतो, आणि म्हणूनच ते आपल्याला इतके आवडतात. कला म्हणून मी त्यावर बोट ठेवणार नाही, तो चित्रपट मला फार प्रिय आहे. पण प्रेक्षकाला गुन्हेगाराच्या बाजूला ओढणारी शक्ती त्यात कुठून आली, हे विचाराल तर ती पहारीतून आलेली नाही. ती न सांगितलेल्या गुन्ह्यातून आली आहे. सेन्सॉरची कात्री नेमकी पहारीवर चालली असती आणि ही गाळलेली जागा तिला दिसलीही नसती.

बेकेरनेच १९५४ साली 'तुशे पा ओ ग्रिझबी' केला होता. त्यात ओर्लीच्या विमानतळावरून सोनं लुटलेलं आहे, पण लूट पडद्यावर येतच नाही. ती चित्रपट सुरू होण्याआधीच झालेली असते. मग हा माझ्या मुद्द्याला अपवाद झाला का? नाही, कारण बेकेर पद्धतीच्या जागी भपका भरत नाही. तो दाखवतो ज्याँ गाबँसारखा पिकलेला नट, मध्यरात्री आपल्या मूर्ख मित्राला लपायच्या फ्लॅटवर घेऊन जातो, टोस्टवर लिव्हरचं मऊसर वाटण लावून खायला घालतो, त्याच्यासाठी पायजमा आणि टॉवेल काढून देतो, आणि दोघं दात घासतात. मित्र आरशात आपल्या डोळ्यांखालच्या पिशव्या बघतो. फ्रान्समधल्या सर्वांत दबदब्याच्या दरोडेखोराची सर्वांत मोठी इच्छा लवकर झोपायची आहे. हेही एक प्रकारचं काम दाखवणंच आहे: त्या धंद्यात म्हातारं होण्याचं काम.

इटालियन लोकांनी मात्र या सगळ्याची जी टर उडवली तिला तोड नाही. मारिओ मोनिचेल्लीचा १९५८ चा 'इ सोलिती इन्योती' उघडउघड 'रिफिफी'च्या अंगावर बेतलेला आहे. रोममधले भुकेकंगाल भुरटे, सोनं-नाणं गहाण ठेवून घेणारी पेढी, तिला लागून असलेलं रिकामं घर. तिजोरी कशी फोडायची याचा रीतसर वर्ग भरतो, गच्चीवर, वाळत घातलेल्या कपड्यांच्या आडोशाला. शिकवायला पोलिसांच्या नजरेखाली असलेला निवृत्त तिजोरीफोड्या, म्हणजे विनोदाचा बादशहा तोतो. तो एकेक पद्धत प्राध्यापकाच्या गांभीर्याने समजावतो. आपल्या मार्गदर्शक तत्त्वांना इतकं शब्दशः डिवचणारा प्रसंग दुसरा नसेल. आणि परिणाम? रात्रभर खपून भिंत फुटते आणि पलीकडे पेढी नसून त्याच घराचं स्वयंपाकघर निघतं. टोळी तिथे पास्ता आणि हरभरे गरम करून खाते. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते की अज्ञात चोरट्यांनी घर फोडून पास्ता खाल्ला. टोळीचा म्होरक्या पोलिसांना चुकवायला मजुरांच्या घोळक्यात शिरतो आणि गर्दीच्या रेट्याबरोबर थेट कामाच्या जागी ढकलला जातो. मागून मित्र ओरडतो की अरे, तिथे तुला काम करायला लावतील! युद्धानंतरच्या इटलीतली बेकारी समजायला एखादं अर्थशास्त्राचं पुस्तक वाचावं, किंवा हा चित्रपट बघावा. मी चित्रपट बघेन.

पद्धत दाखवायला आपणच घाबरावं, याचं मला जास्त नवल वाटतं, कारण आपल्याकडे ही परंपरा युरोपच्या कितीतरी आधीची. 'मृच्छकटिक'च्या तिसऱ्या अंकात शर्विलक चारुदत्ताचं घर फोडतो तो प्रसंग म्हणजे सरळसरळ घरफोडीचा पाठ आहे. भिंत कुठे ओलीने खचली आहे ते तो हाताने चाचपून बघतो. भोकाचे सात आकार मोजतो: उमललेलं कमळ, सूर्य, चंद्रकोर, विहीर, विस्तीर्ण, स्वस्तिक आणि पूर्णकुंभ. भाजलेल्या विटांना पूर्णकुंभ शोभेल असं ठरवतो. मापाची दोरी विसरलेली असते, तेव्हा गळ्यातलं जानवं काढून त्याने माप घेतो आणि ब्राह्मणाला जानव्याचा किती उपयोग, यावर एक छोटंसं व्याख्यान देतो. भोकातून स्वतः शिरायच्या आधी बाहुलं आत सरकवून बघतो. आणि सकाळी चोरी उघडकीला आल्यावर चारुदत्त पहिल्यांदा काय करतो? भोकाच्या सुबकपणाचं कौतुक करतो. देवलांनी हे नाटक मराठीत आणलं, पिढ्यान्‌पिढ्यांनी ते पाहिलं, आणि त्यापायी पुण्या-मुंबईत पूर्णकुंभाकृती भोकं पडल्याचं काही ऐकिवात नाही.

इंग्लंडमधला एक किस्सा याहून बोलका आहे. ईलिंग स्टुडिओच्या १९५१ च्या 'द लॅव्हेंडर हिल मॉब'मध्ये बँकेचा एक पापभीरू कारकून सोन्याच्या विटा लांबवतो. पटकथालेखक टी. ई. बी. क्लार्क याने थेट बँक ऑफ इंग्लंडला विचारलं की तुमचं सोनं चोरायचं तर कसं चोरता येईल, आणि बँकेने त्यासाठी आपल्या माणसांची एक समिती बसवून त्याला सल्ला दिला. ज्यांचं सोनं, त्यांना पद्धतीची भीती वाटली नाही. भीती वाटते ती कायम तिसऱ्याच माणसाला, जो स्वतः ना चोर असतो, ना सावकार, ना प्रेक्षक.

विरुद्ध बाजूने सर्वांत भक्कम पुरावा मी स्वतःच देतो. रेदुआन फाईद हा फ्रान्समधला अट्टल दरोडेखोर, जो २०१३ आणि २०१८ असा दोनदा तुरुंगातून पळाला, दुसऱ्यांदा तर हेलिकॉप्टरने. २००९ साली पॅरिसमध्ये एका कार्यक्रमात अमेरिकी दिग्दर्शक मायकल मान याच्यासमोर उभं राहून त्याने सांगितलं की तुमचा 'हीट' हा चित्रपटच माझा तांत्रिक सल्लागार होता. म्हणजे चित्रपटातून चोर शिकतात, हे नाकारायचं कारण नाही. पण फाईदच्या टोळीची ओळख बनली ती चित्रपटातल्यासारख्या हॉकीच्या मुखवट्यांनी. त्याने चित्रपटातून प्रामुख्याने घेतली ती स्वतःकडे बघण्याची नजर: आपण साधे लुटारू नाही, कथेचे नायक आहोत. ही नजर पहारीतून आणि छत्रीतून मिळत नाही. ती मिळते धीम्या गतीतल्या चालीतून, ढाणढाण वाजणाऱ्या संगीतातून, गॉगलमधून. म्हणजे नेमकं त्या सगळ्यातून, ज्याला कोणतंच मंडळ कधी हात लावत नाही.

पद्धत शिकायला चोराला थिएटरात जावं लागत नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये नवी मुंबईत जुईनगरला एका बँकेच्या शाखेचे लॉकर फुटले. चोरांनी बँकेच्या रांगेतच गाळा भाड्याने घेऊन दुकान थाटलं होतं, महिनोन्‌महिने तिथे उठबस ठेवली आणि आतून भुयार खणत नेलं. पेपरांनी नेहमीप्रमाणे 'फिल्मी स्टाईल' लिहिलं. त्यात फिल्मी काय होतं? माती उपसायची, ती कोणाला न दिसता बाहेर न्यायची, दिवसा गिऱ्हाईक बघायचं, महिन्याचं भाडं भरायचं. आपल्या चित्रपटांत यातलं काही कधी दिसतं का? १९ ऑक्टोबर २०२५ ला पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात रविवारी सकाळी, प्रेक्षक आत असताना, चोर घरसामान वर चढवायची शिडी लावलेला ट्रक घेऊन आले, पिवळी जाकिटं घालून, बाल्कनीतून आत शिरले, काचा कापल्या आणि काही मिनिटांत सुमारे ८ कोटी ८० लाख युरोंचे राजदागिने घेऊन निघून गेले. जाताना एका सम्राज्ञीचा मुकुट खाली पाडून गेले. 'रिफिफी'च्या शाळेत शिकलेल्यांना अशा हलगर्जीपणाबद्दल नापास केलं असतं.

मग पद्धत झाकण्याने कोणाचं रक्षण होतं? मला वाटतं, उत्तर फ्रान्सकडेच बघून मिळतं. छत फोडायचा अर्धा तास चालू देणाऱ्या त्याच फ्रान्सने १९६० साली गोदारचा 'ल पती सोल्दा' अडवला आणि १९६३ पर्यंत अडवून ठेवला, कारण त्यात अल्जीरियाच्या युद्धातला छळ दाखवला होता. तिजोरीला धोका होता तेव्हा सरकार स्वस्थ राहिलं. स्वतःच्या अब्रूला धोका दिसला तेव्हा हललं. आपल्याकडे काय चित्र आहे? चोराने तार कशी जोडली ते दाखवू नका. पण कोठडीत आरोपीला उलटा टांगून मारणारा पोलीस अधिकारी टाळ्या घेतो, चकमकीत गोळ्या घालणाऱ्यावर चित्रपटांमागून चित्रपट निघतात, आणि तिथे कार्यपद्धती अगदी जवळून दाखवलेली चालते. क्रौर्य आणि अनावश्यक हिंसा नको, अशी सूचना त्याच तत्त्वांत आहे. वर्दी अंगावर असली की ती लागू पडत नाही, असाच पडद्यावरून समज होतो.

ज्याँ-पिएर मेलव्हिलचा १९७० चा 'ल सर्क्ल रूज' या बाबतीत उतारा आहे. त्यातही पॅरिसच्या प्लास व्हाँदोमवर जवळजवळ निःशब्द असा लांबलचक दरोडा आहे. त्यात दारूने हात थरथरणारा एक माजी पोलीस आहे. त्या एका कामासाठी तो स्वतःची गोळी स्वतः ओततो आणि माणसात येतो. पण माझ्या लक्षात राहिला तो पोलीस निरीक्षक. बुर्व्हिल या विनोदी नटाने तो आयुष्याच्या अखेरीस, दुर्धर आजारात केला. चित्रपट प्रदर्शित व्हायच्या आधीच तो गेला. हा निरीक्षक सभ्य आहे, एकटा आहे, घरी जाऊन आधी मांजरांना खायला घालतो. आणि क्लबवाल्याने खबऱ्या व्हावं म्हणून त्याच्या कोवळ्या मुलाला उचलून आणतो. मुलगा आत्महत्येचा प्रयत्न करतो. मेलव्हिल हे सगळं त्याच थंडपणे, त्याच तपशिलात दाखवतो, ज्या थंडपणे तो कुलूप दाखवतो. पोलिसाची कार्यपद्धती आणि चोराची कार्यपद्धती, दोन्ही एकाच दिव्याखाली. (याच चित्रपटाच्या सुरुवातीला बुद्धाचं म्हणून एक वचन येतं, रामकृष्णांच्या नावावर दिलेलं. ते मेलव्हिलने स्वतःच रचलेलं आहे. चोरांबद्दल इतका प्रामाणिक माणूस अवतरणांच्या बाबतीत बिनदिक्कत थापा मारायचा.)

तेव्हा माझी मागणी सरळ आहे. ती सूचना काढून टाकावी. लहान मुलांची काळजी असेल तर वयानुसार प्रमाणपत्रं आहेतच. २०२३ च्या दुरुस्तीने सात, तेरा आणि सोळा वर्षांचे टप्पेही आले. शिवाय ओटीटीवर प्रदर्शनपूर्व सेन्सॉर नाही. जो प्रसंग थिएटरात कापला जाईल तोच प्रेक्षक फोनवर बघणार, त्यामुळे ही सूचना आता तशीही निम्मी मेलेली आहे. उरलेल्या निम्म्याने नुकसान एवढंच होतं की थिएटरसाठी लिहिणारा पटकथालेखक आधीच हात आखडता घेतो. चोराचं काम लिहायचं टाळतो आणि त्या जागी चोराचा रुबाब लिहितो. मराठीत तर असा लेखक पुढे यायला हवा, कारण कामाबद्दल बारकाईने लिहिणं ही आपल्या दलित आणि ग्रामीण साहित्याची मोठी कमाई आहे. ती गुन्हेगारी चित्रपटात उतरायला फक्त तेवढी मोकळीक हवी.

ज्यांनी यातलं काहीच पाहिलेलं नाही त्यांनी मोनिचेल्लीपासून सुरुवात करावी, तो हसवतो आणि पटकन आपलासा होतो. मग बेकेरचे दोन. 'रिफिफी' त्यानंतर, आणि त्यातल्या त्या अर्ध्या तासात दहा-दहा सेकंद पुढे ढकलायचं बटण दाबू नये. दीडपट वेगाने पाहिलेली घरफोडी मजेशीर दिसते. तिचा शीण जायला तेवढंच पुरतं.